वरची माती

"बाय, लाल लागली," लाडकी म्हणाली. फावडं तिनं बाजूला टाकलं आणि कमरेवर हात ठेवून ती पायाखालच्या ढिगाकडे बघत राहिली.

दमयंती खाली बांधावर उभी होती. तिला वाटलं, सकाळपासून राबून दमलेली मजूरबाई थट्टा करते आहे.

"लाल कशी लागंल? काळी माती हाय ती. आपणच तर सोलून टाकलीय."

"मंग वर या नि बगा. का मला आता रंग पन कळत नाय?"

दमयंती पदर खोचून ढिगावर चढली. वर गुडघाभर वाळकं गवत होतं, चालताना पायांत अडकत होतं. लाडकीनं घाव घातला होता तिथं हातभर काळी माती दिसत होती, भुसभुशीत, गवताच्या मुळांनी विणलेली. आणि तिच्याखाली मुरूम. लालभडक, खड्यांनी भरलेला. लाडकीचा नवरा जिवल्या चार पावलं पलीकडे गेला आणि त्यानं पहार घातली. तिथंही तेच. आणखी पुढे घातली, तर तिथं काळी वीतभरच निघाली.

खालून एक लॉरी उलटी येत होती. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून हाक दिली, "माजी, नीचे उतरो! माल भरना है, टाइम नहीं है!"

वेळ नव्हता हे खरंच होतं. वैशाख संपत आला होता.

पाम गावच्या वरच्या अंगाला असलेलं हे शेत म्हणजे उंबराचं शेत. बांधावर पूर्वी उंबर होता, त्यावरून नाव पडलेलं. शेत काही फार मोठं नव्हतं, पण पाणी धरणारं होतं, आणि त्याचा तांदूळ शिजताना वास शेजारच्या ओटीवर जायचा. मग तारापूरच्या बाजूला समुद्राकाठी मोठं सरकारी काम निघालं. बोईसरपासून तिकडे रस्ते व्हायचे होते, रस्त्यांच्या भरावाला मुरूम हवा होता, आणि चांगला मुरूम नेमका उंबराच्या शेताखाली निघाला. चौसष्टच्या दिवाळीनंतर ठेकेदाराची माणसं आली. दमयंतीचा नवरा वामन तेव्हा हयात होता. बोलणं ठरलं ते असं, की वरची काळी माती आधी सोलून बाजूला ढीग करून ठेवायची. मग मुरूम काढायचा. काम संपलं की खड्डा टाकाऊ दगडमातीनं भरून, रूळ फिरवून दाबायचा, आणि त्यावर ती काळी माती परत पसरून शेत होतं तसं करून द्यायचं.

"माहेरी गेलेली सून कशी परत येते, तसं शेत येईल गं घरी," वामन म्हणाला होता.

पुढच्या भादव्यात तापाचं निमित्त झालं आणि वामन गेला. शेत आणि नवरा असे एकापाठोपाठ घरातून गेले. नवरा परत येणार नव्हता. शेताचं मात्र कबूल केलेलं होतं.

तेव्हापासून दमयंती त्या कबुलीवर जगत आली. सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की ती खाणीवर जायची. बांधावरचा देवाचा दगड खाणीच्या तोंडाशी हलवून ठेवला होता. त्याला हळदकुंकू लावायचं, दोन फुलं ठेवायची, आणि खड्डा कुठवर आला ते बघून परतायचं. लॉरीवाले परमुलखातले, पण तेही जाता जाता त्या दगडाला हात जोडू लागले होते. दिवाळीत घरोघर नवा तांदूळ यायचा, शेजारणी वाटीवाटी पाठवायच्या. दमयंती ते देवापुढे ठेवायची, येईल जाईल त्याच्या हातावर घालायची, आणि आपण जुन्याच तांदळाची पेज प्यायची. आपल्या शेताचं आल्याशिवाय नवं खायचं नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आग्रह झाला असता.

आणि यंदा खरोखरच ते दिवस आले होते. ठेकेदाराचं इथलं काम संपलं होतं, मृगाच्या आत त्याला तळ उचलून पुढच्या कामावर जायचं होतं. होळीपासून खड्डा भरत आणला होता. रूळ फिरला होता. राहिली होती ती फक्त काळी माती पसरायची. पाऊस लागला की लॉऱ्या चिखलात चालणार नव्हत्या, आणि पावसानंतर ठेकेदार इथे असणारच नव्हता. मृगाच्या आत झालं तर झालं.

तिची एकुलती एक लेक हंसा सफाळ्याला दिलेली. "आई, एकटी काय करतेस तिथं? चल आमच्याकडं," हे तिचं दर सणाला ठरलेलं. गेल्या संक्रांतीला दमयंती तिला म्हणाली होती, "यंदा शेत आलं नाय, तर येईन. मग नाय म्हणायची नाय." आणि दमयंती बोललेला शब्द फिरवणारी नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होतं.

ती ढिगावरून उतरली ती सरळ खाणीच्या झोपडीकडे गेली. तिथं कमलाकांत बसायचा. पालघरचा तरुण मुलगा, ठेकेदाराचा देखरेख करणारा. नवंच लग्न झालेलं होतं त्याचं.

"कमलाकांत, माती कुठाय माझी?"

तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, म्हणून त्याला आधी समजलंच नाही. मग तो बाहेर आला, ढिगावर गेला, पहारीनं स्वतः टोचून पाहिलं. उतरला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"काकू, देवाशपथ सांगतो, आम्ही एक पाटी उचललेली नाही. काळी माती भरावाला चालतच नाही. लॉरीत सापडली तर साहेब अख्खी लॉरी परत पाठवतात. कशाला उचलू?"

"मग गेली कुठं? पावसानं का खाल्ली?"

"थोडी पावसानं. पण..." तो ढिगाच्या मागच्या बाजूला गेला. "इथं बघा. मागून कोणीतरी पोखरलंय. खळगा पडला, त्यात आमच्या लॉरीवाल्यांनी नासका मुरूम ओतला, वर गवत आलं. समोरून ढीग आहे तेवढा दिसत राहिला."

"कोण पोखरील?" दमयंतीनं विचारलं.

लाडकी पदरानं तोंड पुसत जवळ आली होती. ती एकाएकी हसली. दुष्टपणानं नाही, पण हसली.

"बाय, तुमी मला इचारताव? आमच्या चुलीत हाय तुमचं शेत. रोज सकाळी तुमच्या शेतावर भाकर भाजतंय मी."

"तुझ्या चुलीपुरती दिली होती मी, पाटीभर."

"व्हय. नि जमनाच्या पोरीच्या लगनात बोहल्याला? नि सुलूच्या तुळशीला? नि देवूच्या खळ्याला? तुमी कुनाला नाय म्हनलाव? तुमीच म्हनायच्या, ने गं, मागल्या बाजूनं ने, पुढून ढीग मोडू नको."

दमयंती तिथंच खाली बसली.

माती मागायला आलेल्याला परत पाठवायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. तिच्या सासूनं पाळली, तिनंही पाळली. तुळशीला, चुलीला, लग्नाच्या बोहल्याला कुणी माती मागितली तर ती द्यायची, आणि सवाष्ण असेल तर वर कुंकू लावून पाठवायचं. शेत होतं तेव्हा अशी पाटी दोन पाटी कुठं जाते ते कळायचंही नाही. पण ढीग म्हणजे शेत नव्हे, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर, मागायला कुणी आलं की तिला बरं वाटायचं. शेत पिकत होतं तेव्हा तिच्या दारी माणसं यायची. कुणाला ओटीला तांदूळ हवे असत, कुणाला बाळंतिणीच्या पेजेला जुना भात. शेत गेलं आणि दार ओस पडलं. मग ढिगाच्या निमित्तानं माणसं पुन्हा येऊ लागली. "वैनी, तुमची माती चांगली, आमच्या तुळशीला द्याल काय?" असं कुणी म्हटलं की तिला वाटायचं, आपलं शेत अजून आहे.

पण तुळशीनं आणि चुलींनी एवढा ढीग संपत नाही. तो कुणी संपवला हेही तिला ठाऊक होतं.

दुपारी ती धर्माजीच्या दारी गेली. धर्माजी म्हणजे तिचा चुलत दीर. बोईसरला कामगारांची रीघ लागल्यावर गावात ज्यानं त्यानं परसात खोल्या बांधून भाड्यानं दिल्या, त्यात धर्माजी पहिला. त्यानं आधी सत्यनारायणासाठी माती मागितली होती. मग म्हणाला होता, वैनी, दोन खोल्या घालतोय, जोत्याला देतेस काय? घराचा पाया घालणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? ती हो म्हणाली. किती गाड्या गेल्या ते बघायला ती गेली नव्हती. देऊन झाल्यावर मोजायला जाणं तिला शोभणारं वाटलं नव्हतं.

धर्माजी ओटीवर पाय सोडून बसला होता. तिला बघताच तो सावरला.

"ये वैनी. कळलं मला. जिवल्या बोलला."

"बरं झालं. मला सांगायला नको."

"आता तू मागायला आली असशील, तर आधीच सांगतो. भिंतीत गेलेली माती कशी काढून देऊ? आत भाडेकरू हायत. त्यांना काय झाडावर बसवू?"

"मी मागायला नाय आले भावजी. बघायला आले."

"काय बघायला?"

ती उत्तर न देता परसात गेली. ओळीनं चार खोल्या होत्या, दोन म्हणता म्हणता चार झालेल्या. मातीच्या भिंती, वर कौलं. शेवटच्या खोलीच्या दारात एक उत्तरेकडची बाई डाळ निवडत बसली होती. दमयंतीनं भिंतीवर हात ठेवला. वरून शेणानं सारवलेली होती, पण एका कोपऱ्यात पोपडा निघाला होता आणि तिथं आतली काळी माती दिसत होती. तिच्यात तूस होतं, भाताचं काड होतं. तिनं तिथं बोट फिरवलं.

ती बाई उठून जवळ आली. तिला वाटलं असावं, घरमालकीण भिंत तपासते आहे.

"हमने नहीं खोदा माजी. अपने आप गिरता है." मग थोडं थांबून म्हणाली, "पिछली बरसात में इसी दीवार से धान निकला था. इतना-इतना, हरा. मालिक बोले, उखाड़ दो. मैंने नहीं उखाड़ा. सोचा, दीवार में उगा है, भगवान का ही होगा. फिर सूख गया."

दमयंतीला हिंदी फारसं येत नव्हतं. पण धान हा शब्द कळला, आणि बाईनं बोटांनी दाखवलेली उंचीही कळली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या बाईनं ते पाहिलं आणि काय करावं हे न सुचून आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं. दमयंती ते तिथंच उभ्यानं प्यायली.

धर्माजी मागं येऊन उभा राहिला होता. तो वाईट माणूस नव्हता. त्याला तोड सुचली होती आणि ती सांगायची घाई झाली होती.

"वैनी, ऐक माझं. ढिगाची राखण कुनाची? ठेकेदाराची. दोन-तीन दिवसांत सरकारी साहेब बघायला येणार हाय. त्याला सांग, माती यांनी खाल्ली. मुरमात घालून रस्त्याला नेली. झक मारून आणून देतील. तळ्याचा गाळ आणतील, नदीचा पोयटा आणतील, कुठून आणायची ती त्यांची डोकेदुखी. त्यांच्याकडं लॉऱ्या हायत. तुझं शेत तुला मिळंल."

"आणि कमलाकांत?"

"तो तुझा कोन?"

तिनं तांब्या बाईच्या हातात दिला आणि घरी आली.

संध्याकाळी कमलाकांत स्वतःच आला. ओटीवर बसला नाही, पायरीशी उभा राहिला.

"काकू, एक मार्ग आहे. आहे तेवढी माती आपण सगळ्या शेतभर पसरू. पातळ, बोट दोन बोट. वरून काळं दिसलं की झालं. साहेब बघतील, सही करतील. माझी मुदत पाळली जाईल, तुम्हाला शेत मिळालं असं कागदावर येईल."

"आणि पाऊस?"

तो खाली बघत म्हणाला, "साहेब पावसात येत नाहीत, काकू."

दमयंतीला हसू आलं. किती दिवसांनी आलं. "अरे, पण मी तर पावसातच येणार ना शेतात?"

तोही ओशाळून हसला. तुळशीपाशी दिवा लावायची वेळ झाली होती. तिनं दिवा लावला, हात जोडले, आणि पाठमोरीच म्हणाली, "एका बाजूला घाल. खालच्या अंगाला, जिथं पाणी थांबतं. चांगली हातभर जाड घाल. जेवढ्यात बसंल तेवढ्यात. बाकीचं लाल राहू दे."

"मग साहेब विचारतील, शेत कुठे आहे? मुदतीत काम झालं नाही म्हणून शेरा बसेल."

"मी बोलेन त्यांच्याशी."

दोन दिवस लाडकी, जिवल्या आणि आणखी चार माणसं त्या ढिगातून काळी माती खरवडून काढत होती. दमयंतीही पाटी घेऊन त्यांच्यात होती. कमलाकांत दोनदा म्हणाला, काकू तुम्ही कशाला, पण तिनं ऐकलं नाही. मुरमाचा खडा दिसला की ती वाकून वेचायची. लाडकी म्हणायची, "तांदळातले खडे का काढताव? शेतात जायचंय ते, ताटात नाय." पण थोड्या वेळानं लाडकीही वेचू लागली.

खालच्या अंगाला छोटंसं खाचर झालं. भोवती बांध घातला. अंगणाहून थोडं मोठं. बाकीचं उंबराचं शेत सपाट, दाबलेलं, विटेच्या रंगाचं होतं.

साहेब आला तो जीपमधून. टोपी, हातात छडी, पण बोलायला सभ्य होता. गावातली माणसं जमली होती, धर्माजी पुढंच होता. साहेबानं एक फेरी मारली, छडीनं लाल जमीन टोचली, काळ्या खाचराजवळ थांबला.

"करारात संपूर्ण शेतावर माती परत घालायची होती ना?"

"हो साहेब," कमलाकांत म्हणाला.

"मग बाकीची कुठं गेली?" साहेबानं दमयंतीकडे बघितलं. "बाई, घाबरू नका. ठेकेदारानं वापरली असेल तर सांगा. मी त्यांना बाहेरून आणून घालायला लावीन. तुमचा तो हक्क आहे."

सगळे तिच्याकडे बघत होते. धर्माजीनं डोळ्यांनी खूण केली. लाडकी मागून कुजबुजली, "व्हय म्हना बाय. एकदा व्हय म्हना नि सुटा."

दमयंती त्या लाल सपाटीकडे बघत होती. एक हो म्हटलं की ते सगळं काळं होणार होतं. श्रावणात हिरवं, आश्विनात पिवळं. तिला ते दिसत होतं. वामननं कबूल केलेलं, तिनं वाट बघितलेलं सगळं त्या एका शब्दात होतं. आणि तो शब्द तोंडाशी आला की तिला जमनाच्या पोरीचं बोहलं दिसत होतं, सुलूच्या अंगणातली तुळस दिसत होती, धर्माजीच्या भिंतीपाशी तांब्या घेऊन उभी राहिलेली परकी बाई दिसत होती. ठेकेदारानं चोरली असं म्हटलं, तर मग त्या तुळशी चोरीच्या मातीत उभ्या आहेत असंच म्हणायचं.

"ठेकेदारानं नाय घेतली साहेब," ती म्हणाली. "गावात दिली. मी दिली, माझ्या हातानं."

"एवढी?"

"मागायला आलेल्याला दिली. कमी पडंल हे मला कळलं नाय."

साहेबानं जीपमधून कागद मागवला. "मग बाकीची जमीन अशीच ताब्यात घ्यावी लागेल तुम्हाला. त्याला तुमची हरकत नाही, असं लिहून घ्यावं लागेल."

"लिहा."

तिला सही येत होती. वामननं शिकवली होती. तिनं सावकाश नाव लिहिलं.

माणसं पांगली. धर्माजी तिच्याकडे न बघता निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची गाडी खाचराशी येऊन उभी राहिली होती. शेणखताची. गाडीवान म्हणाला, मालकानं सांगितलंय, ओतून ये आणि काही बोलू नको. कमलाकांत तळ उचलून जायच्या दिवशी पाया पडायला आला. बायकोलाही घेऊन आला होता. दमयंतीनं शेजारणीकडून तिची ओटी भरवली. जुन्याच तांदळानं.

चैत्रातच तिनं परसात राब भाजून ठेवला होता, पानापाचोळा आणि शेण पसरून, सगळ्या शेताला पुरेल एवढ्या रोपांचा. रोहिणीत त्यात भात पेरताना हात सवयीनं सगळ्या शेताचाच पेरत गेला. तिनं तो आवरला नाही. रोपांचं आवण दाट, हिरवंगार आलं. लावणीच्या वेळी ज्यांचं आवण किड्यानं खाल्लं होतं ते विचारत आले, आणि तिनं ज्याला त्याला जुड्या बांधून दिल्या. लाडकीनं आपल्या डोंगराकडच्या तुकड्यासाठी डोकीवर भारा नेला आणि जाताना म्हणाली, "पुन्हा वाटायला बसलाव का? तुमी नाय सुधारणार."

आषाढात हंसा तिला न्यायला आली. छत्री मिटून ती ओटीवर आली, घर बंद बघितलं आणि सरळ शेताकडे गेली.

बांधावर ती थबकली. शेवटचं तिनं हे शेत पाहिलं होतं ते वडील असताना. आता समोर लाल जमिनीवर पाण्याचे ओघळ वाहत होते, आणि पार खालच्या अंगाला, एका चौकोनी डबक्यात, तिची आई आणि लाडकी वाकून आवण लावत होत्या. आईनं डोक्यावर गोणपाटाची खोळ घेतली होती. अर्ध्याहून जास्त लावून झालं होतं.

"आई!"

दमयंतीनं मान वर केली. "आलीस? बस तिथं. बांध ओला हाय, बघून."

"आई, हेच? एवढंच दिलं त्यांनी?"

"एवढंच राहिलं."

हंसाला खूप काही बोलायचं होतं. सफाळ्याला आईसाठी मागची खोली झाडून ठेवली होती, खाट टाकली होती, देवाला कोनाडा केला होता. ती म्हणाली, "तू म्हणालीस ना, शेत आलं नाय तर येईन?"

"मग आलं ना."

"याला शेत म्हणतात?"

चिखलात दमयंतीची बोटं चालली होती. अंगठ्यानं रोप दाबून तिनं पुढचं घेतलं.

"कापणी झाली की वाल पेरायचे," ती म्हणाली. "वालाला ओल लागते, ती इथं राहते. मग माघात वाल निघतील. मग बघू."

"म्हणजे नाय येणार."

लाडकी वाकूनच हसली. "पोरी, तुज्या आयला आता खाट नको दाखवू. तिला बसायला टाइम नाय."

पाऊस बारीक पडत होता. हंसानं छत्री मिटली, चपला काढून बांधावर ठेवल्या, लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि खाचरात उतरली. लहानपणी शिकलेलं हात विसरले नव्हते. जुडी डाव्या हातात, उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं, रोप टेकव, दाब, मागे सरक. ती भराभर लावू लागली. आईची आणि लाडकीची ओळ तिनं गाठली, मग मागे टाकली. राहिलेला तुकडा तिच्यापुढे झपाझप हिरवा होत चालला. थोड्याच वेळात बांधाला पाठ लागली असती.

दमयंती कमरेत सरळ झाली. लेकीच्या वाकलेल्या पाठीकडे, मोकळ्या राहिलेल्या पाण्याच्या त्या लहानशा पट्ट्याकडे तिनं पाहिलं. पुढे होऊन तिनं हंसाच्या हातावर आपला चिखलाचा हात ठेवला.

"सावकाश गं," ती म्हणाली. "एवढंच तर हाय."